भोईवाड्याची फिर्याद

परळनजीकच्या भोईवाड्यास नाव भोयांचे असले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या परिसराच्या आयुष्याची घडी गिरण्यांच्या भोंग्याने बसवली. आणि कामावर ठेवणे व काढणे ज्यांच्या मर्जीवर असे, त्या जॉबराच्या अथवा वायंडिंग खात्यातील बायांवर देखरेख करणाऱ्या नाईकिणीच्या तोंडची शिवी मजुराच्या नित्य अनुभवाची बाब झाली. भारतातील कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरांच्या लाचखोरीची दखल घेतली.

१ जानेवारी १८६२ रोजी अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने मात्र शिवी, धमकी, मार अशा या एकाच जाचाची शकले केली: शांतताभंगास चिथावणारा हेतुपुरस्सर अपमान कलम ५०४ मध्ये, धमकी ५०६ मध्ये, साधी दुखापत ३२३ मध्ये. इंग्रजीतील या सख्ख्या शेजारी शब्दांतून निवड करणे ठाणे अंमलदाराच्या हाती आले. मजूर सांगे ते एका दमात; कागदावर त्याचे ‘शिवीगाळ, दमदाटी, मारहाण’ होई. मार हाताचा असेल तर गुन्हा अदखलपात्र, आणि फिर्यादीस स्वतः मॅजिस्ट्रेटची पायरी चढणे प्राप्त. मार धारदार हत्याराचा असेल तर कलम ३२४, आणि तपास सरकारी.

स्त्रियांच्या बाबतीत कायद्याने केलेली दिरंगाई मला सर्वाधिक अक्षम्य वाटते. ‘जाच’, ‘छळ’, ‘सासुरवास’ हे शब्द चाळीचाळींत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात असता, विवाहितेशी होणाऱ्या क्रूरतेचे ४९८अ हे कलम १९८३ साली आले. शाब्दिक आणि भावनिक छळास तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमापर्यंत तिष्ठावे लागले.

१ जुलै २०२४ पासून ५०४ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ ने घेतली आहे. फिर्यादीतील ‘शिवीगाळ’ कायम आहे.