रायोलाइट
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नेव्हाडा राज्यातील एक निर्जन खाणनगर. ते लास व्हेगसच्या वायव्येस सु. १९० किमी., डेथ व्हॅलीच्या पूर्वेकडील बुलफ्रॉग टेकड्यांत वसले होते. परिसरातील रायोलाइट या ज्वालामुखीजन्य खडकावरून त्यास हे नाव पडले.

ऑगस्ट १९०४ मध्ये ‘शॉर्टी’ हॅरिस व एड क्रॉस या सुवर्णशोधकांना या टेकड्यांत सोन्याचे कण असलेला हिरवट गारेचा खडक सापडला. बेडकाशी असलेल्या त्याच्या साम्यावरून साऱ्या क्षेत्रासच बुलफ्रॉग म्हणू लागले. थोड्याच काळात सु. ५० किमी. परिसरात दोन हजारांहून अधिक खाणहक्क सांगितले गेले. १९०५ च्या प्रारंभी रायोलाइट येथे तंबूंची वसाहत उभी राहिली. मॉंटगोमेरी शोशोन ही क्षेत्रातील प्रमुख खाण. पोलादसम्राट चार्ल्स श्वाब याने ती १९०६ मध्ये विकत घेतली आणि नळाचे पाणी, वीज व लोहमार्ग यांवर मोठे भांडवल ओतले. १९०७–०८ च्या सुमारास नगराची लोकसंख्या ३,५०० ते ५,००० असल्याचा अंदाज आहे. दूरध्वनी, वृत्तपत्रे, रुग्णालय, नाट्यगृह, इतकेच नव्हे तर शेअरबाजारही तेथे होता. वाळवंटात लाकूड दुर्मिळ आणि मद्यालये विपुल. तेव्हा एका रहिवाशाने मद्याच्या हजारो बाटल्या रचून घर बांधले. ते अद्याप उभे आहे.

या भरभराटीचा आधार प्रत्यक्ष निघालेल्या सोन्यापेक्षा पुढे निघेल असे मानलेल्या सोन्यावर अधिक होता. मॉंटगोमेरी शोशोनमधून पहिल्या तीन वर्षांत दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीचे सोने-चांदी निघाले, ही गोष्ट खरी. परंतु उत्तम प्रतीचे धातुक लवकरच संपत आले. सॅन फ्रॅन्सिस्कोचा १९०६ चा भूकंप व १९०७ चे आर्थिक अरिष्ट यांमुळे भांडवलाचा ओघ आटला. १९०८ मध्ये साशंक भागधारकांनी खाणीची स्वतंत्र तपासणी करविली. तिचा निष्कर्ष प्रतिकूल निघताच भागांचे भाव कोसळले आणि १९११ मध्ये खाण बंद पडली.

नगराचा शेवट काहीसा विसंगत वाटतो. तीन मजली कुक बँकेची, ९० हजारांहून अधिक डॉलर खर्चाची इमारत १९०८ मध्ये पुरी झाली. काँक्रीटची दुमजली शाळा तर त्यानंतर, लोक गाव सोडू लागले असता बांधण्यात आली. १९१० च्या जनगणनेत ६७५ रहिवासी नोंदले गेले व पुढील दशकात ही संख्या शून्याजवळ आली. डाकघर १९१३ मध्ये बंद झाले, तर १९१६ मध्ये वीजपुरवठा तोडण्यात आला. बऱ्याच वास्तू उकलून त्यांचे सामान इतरत्र नेण्यात आले. खाणकामगार संघाचे सभागृह जवळच्या बीटी गावी हलविले गेले.

१९८९ मध्ये नजीकच्या उघड्या खाणीतून पुन्हा सोने काढण्यास प्रारंभ झाला. शतकाअखेरीस तेही काम थांबले; त्या अवधीत रायोलाइट मात्र पुन्हा वसले नाही. बँकेच्या भिंती, शाळेचा सांगाडा, तुरुंग व रेल्वेस्थानक एवढे अवशेष पाहण्यासाठी तेथे पर्यटक येतात.