दामियन-डटन पुरस्कार आणि वरोऱ्याचे बाबा आमटे

ऊर्जानगर : कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी जगात जे सन्मान दिले जातात, त्यांत अमेरिकेतील दामियन-डटन संस्थेच्या पुरस्काराला मानाचे स्थान आहे. 1983 साली हा पुरस्कार आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे यांना मिळाला. ऊर्जानगरहून वरोरा साधारण तासाभराच्या अंतरावर आहे आणि तेथील आनंदवन आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. हा पुरस्कार ज्यांच्या नावे आहे ते दोन कॅथलिक सेवक कोण होते आणि ख्रिस्ती नसलेल्या बाबांचे त्यांच्याशी कोणते नाते होते, हे आपल्या भाविकांना ठाऊक असावे म्हणून ही माहिती देत आहोत.

दामियन आणि डटन

फादर दामियन यांचा जन्म 1840 साली बेल्जियममध्ये झाला. 1873 साली ते हवाई बेटांपैकी मोलोकाई येथे, कुष्ठरोग्यांना सक्तीने नेऊन ठेवलेल्या वसाहतीत गेले. त्यांनी रुग्णांच्या जखमा धुतल्या, त्यांच्यासाठी घरे बांधली, मृतांना सन्मानाने मूठमाती दिली. अखेर तोच रोग जडून 15 एप्रिल 1889 रोजी त्यांनी देह ठेवला. 11 ऑक्टोबर 2009 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

जोसेफ डटन हे धर्मगुरू नव्हते. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या या प्रापंचिकाने प्रौढ वयात कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. 1886 साली ते दामियन यांच्या मदतीला आले आणि 1931 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे सेवाकार्य सोडले नाही. आजन्म स्वयंसेवक कसा असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

भीतीवर मात

बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाट येथे झाला. वरोऱ्यात ते वकिली करीत आणि तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. सफाई कामगारांचे जिणे समजून घेण्यासाठी त्यांनी स्वतः मैला वाहिला. असेच काम करीत असताना एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला. हातापायांची बोटे झडलेला, जखमांत किडे पडलेला तो देह पाहून बाबा घाबरले आणि घरी पळाले. गांधीजींनी ज्यांना ‘अभय साधक’ म्हटले, त्यांना आपलीच भीती असह्य झाली. ते परतले आणि तुळशीरामच्या अखेरपर्यंत त्यांनी त्याची शुश्रूषा केली.

पुढे त्यांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. 1951 साली पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ माळरानात आनंदवन सुरू झाले. दयेच्या दानाने माणूस दुबळा होतो, कामाने तो पुन्हा उभा राहतो, या विश्वासावर तेथील विहिरी, शेती आणि कारखाने रुग्णांच्याच हातांनी उभे राहिले.

देशोदेशीचे हात

त्या काळी गावकरी आनंदवनाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. अशा वेळी, 1950 च्या दशकात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येथे राहिले आणि रुग्णांबरोबर त्यांनी इमारती बांधल्या. परके येथे राहतात, खातात, हे पाहून शेजाऱ्यांचीही भीड चेपली. पुढे 1973 साली गडचिरोलीच्या अरण्यात, हेमलकसा येथे, माडिया बांधवांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो चालविणारे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना 2008 साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

बाबांचे प्रमुख सन्मान

पद्मश्री – 1971
दामियन-डटन पुरस्कार – 1983
मॅगसेसे पुरस्कार – 1985
पद्मविभूषण – 1986
संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार – 1988
टेम्पल्टन पुरस्कार (चार्ल्स बर्च यांच्यासह) – 1990
गांधी शांतता पुरस्कार – 1999

9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना तेथेच मूठमाती देण्यात आली.

आपल्यासाठी

कुष्ठरोग आता औषधाने पूर्ण बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते आणि उपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. तरीही चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत नवे रुग्ण आढळतात. अंगावरचा बधिर चट्टा लपविला जातो, कारण भीती औषधाने जात नाही. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या घटस्फोट कायद्यातही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. 2019 साली ते वगळण्यात आले.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला शब्दाने बरे केलेच, पण त्याआधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला, असे शुभवर्तमान सांगते. दामियन, डटन आणि बाबा यांना जोडणारा धागा तोच आहे. आपल्या धर्मग्रामात एखाद्या कुटुंबाने असा चट्टा लपविला असेल, तर त्यांना दवाखान्यात नेणे आणि परतल्यावर त्यांच्या घरी चहा घेणे, हाच या सेवकांचा खरा सन्मान ठरेल असे आम्हांस वाटते.