देखभाल म्हणजे नेमके काय?

परवा नाशिकहून धाकट्या मुलाचा फोन आला. त्याच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे आणि यंदा सेक्रेटरीपद त्याच्या गळ्यात पडले आहे. म्हणाला, "नाना, तलावाच्या देखभालीचा करार आलाय. सही करण्याआधी तुम्ही एकदा वाचा."

मागच्या करारात 'देखभाल' एवढा एकच शब्द होता. भर उन्हाळ्यात पंप जळाला, तेव्हा ठेकेदार म्हणाला, देखभाल आमची, दुरुस्ती तुमची. वाद मिटेपर्यंत पाणी हिरवेगार झाले आणि मुलांची सुट्टी कोरडी गेली.

वाचता वाचता मला बागलाणातला फड आठवला. मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांकाठची ही तीन-चारशे वर्षांची पाटपाण्याची रीत. बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. पाणी पाटकऱ्याने द्यायचे, राखण जागल्याने करायची. गाळ काढायला ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे श्रम. नियम बहुतेक तोंडीच, पण कोणी, कधी, किती याबद्दल शंका नसे. गाळ काढणारा आणि पाणी वापरणारा एकच होता ना!

पुढे सरकारी कालवे आले. पाणी वापरणारा एक आणि देखभाल करणारा दुसरा झाला. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचेना. आमच्याच निफाड तालुक्यातले ओझर वाघाडच्या कालव्याच्या अशाच शेपटाला. तिथे बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी १९९१ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पाटबंधारे खात्याशी लेखी करार केले. पाणी मोजून घ्यायचे, चारीची देखभाल संस्थेने करायची. पुढे २००५ च्या कायद्यात, कालवा संस्थेच्या हाती देण्यापूर्वी दोघांनी मिळून त्याची पाहणी करायची, असेही आले.

मुलाला मी तेच सांगितले. आधी ठेकेदाराबरोबर पंप, फिल्टर, फरशी बघ आणि आज काय मोडके आहे ते लिहून दोघे सह्या करा. मग तलाव मोज. २५ मीटर लांब, १० रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ३ लाख ७५ हजार लिटर पाणी. त्याला लागणारे क्लोरीन कोणाच्या पैशाने? पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आहे की नाही हे रोज कोण तपासणार, वहीत कोण लिहिणार? फिल्टर उलट्या प्रवाहाने कधी धुणार? पंप बंद पडला तर माणूस किती तासांत येईल, सुटे भाग कोणाचे? काम झाले नाही तर पैसे किती कापायचे? आणि करार मध्येच सोडायचा तर किती दिवस आधी कळवायचे?

फडातल्या माणसाला यातले काहीच विचारावे लागत नसे. तो स्वतःच पाटात उतरलेला असे. आपण उतरत नाही, म्हणून कागदावर लिहून घ्यायचे.

असो. सही तूर्त थांबली आहे. रविवारी ठेकेदाराला घेऊन तलावाची पाहणी आहे. मीही विंचूरहून सकाळच्या एसटीने जाणार आहे.