कानामागची पट्टी आणि बांधावरचा धोतरा

आपल्या खानदेशातल्या बायकांच्या सहली हल्ली बदलल्या आहेत. पूर्वी वणीचा गड, शेगाव, पंढरपूर, फार तर अष्टविनायक. आता भिशीचे पैसे जमवून जळगाव-धुळ्याच्या बायका मुंबई गाठतात आणि क्रूझवर चढतात. मुंबई-गोवा बोट २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, २०२१ पासून त्याहून मोठी जहाजं मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागली. समुद्र न पाहिलेल्या आपल्या मुलखातल्या बायकांनी समुद्रावर तीन रात्री काढाव्यात, याचं आम्हाला मोठं कौतुक आहे.

या सहलींबरोबर एक प्रश्नही येतो. अमेरिकेत राहणाऱ्या लेकीने किंवा सुनेने कानामागे चिकटवायची एक पट्टी दिलेली असते, बोट लागू नये म्हणून. टिकलीपेक्षा थोडी मोठी, गोल. पाकिटात चार निघाल्या, तर चौघींनी वाटून घ्याव्यात का? टिकलीचं पाकीट आपण असंच वाटतो, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण उत्तर द्यायचं तर पट्टीत काय आहे ते सांगावं लागेल, आणि ते सांगायला लागलं की गोष्ट येते थेट आपल्या शेताच्या बांधावर.

आधी आजाराविषयी. आपण म्हणतो, गाडी लागते. अहिराणीत, ‘माले गाडी लागस वं माय.’ कोकणातल्या माणसाला बोट लागते. ऊन लागतं, नजर लागते, तशीच गाडी लागते. आपल्या भाषेने यात बाईचा काही दोष धरलेला नाही, बाहेरची वस्तू येऊन लागते. भाषा एवढी समजूतदार असून माणसं मात्र हसत आली. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट लागतो. १८२५ साली धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी करणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावाचा हा घाट. त्या वळणांवर एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेली बाई, हातात लिंबू, पदर तोंडाला, आणि मागच्या बाकावर हशा, हे चित्र कुणी पाहिलेलं नाही? कितीतरी बायकांनी माहेरच्या लग्नाला जायचं टाळलं ते याच भीतीने. ‘तिला गाडी लागते’ एवढं म्हटलं की घरच्यांच्या दृष्टीने विषय संपायचा आणि ती घर राखायला मागे राहायची.

हा आजार कमकुवत मनाचा नाही. इंग्लंडचा नौसेनानी नेल्सन, ज्याने समुद्रावरच लढाया जिंकल्या, त्यालाही बोट लागायची. चार्ल्स डार्विन पाच वर्षांच्या जगप्रवासात बोटीवर आजारी पडत राहिला. मळमळीला इंग्रजीत जो शब्द आहे, तोही जहाज या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. कारण कानात आहे. कानाच्या अगदी आतल्या भागात द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. आपण हललो, वळलो की त्या मेंदूला कळवतात. बोटीच्या खोलीत बसल्यावर डोळे सांगतात, भिंत जागेवर आहे. कान सांगतो, आपण डोलतोय. दोघांची साक्ष जुळत नाही, आणि मळमळ सुरू होते. १८८२ साली अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी मूकबधिरांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना गरगर फिरवूनही चक्कर येत नाही असं दिसलं. आतला कानच काम करत नसेल, तर भांडण होणार कुणाचं? बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो, पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी वाढतो. म्हणजे मागच्या बाकावरचा हशा अज्ञानाचा होता.

आता धोतरा. आपण सगळ्या त्याला ओळखतो. पांढरं कर्ण्यासारखं फूल, काटेरी फळ. महादेवाला वाहतो, गणपतीच्या पत्रींतही त्याचं पान असतं. आणि पूजा झाली की हात धुवायला आई सांगतेच. संस्कृतात याला धत्तूर म्हणतात, आणखी एक नाव ‘उन्मत्त’ आहे, खाणाऱ्याचं काय होतं ते नावातच सांगितलेलं. जगभरच्या वनस्पतिशास्त्राने झाडाचं नाव आपल्याच शब्दावरून घेतलं.

गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात धोतऱ्यावर एक प्रकरण आहे. एका घरातल्या गुलाम बाईने मालकिणीला धोतरा खाऊ घातला, किल्ल्या आणि दागिने घेतले आणि पळून गेली, अशी ती हकिकत. ओर्ता लिहितो की धोतरा खाल्लेला माणूस सरळ बोलत नाही, हसत राहतो, आणि अंगावरचं काढून नेलं तरी हसत देऊन टाकतो. पुढे इंग्रजांच्या काळातही वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांच्या नोंदी आहेत. रेल्वेत अनोळखी माणसाने दिलेला पेढा खाऊ नये, हा आपल्या आजीचा दंडक त्याच अनुभवातून आलेला असावा.

हसणं, विसरणं, तोंड कोरडं पडणं, डोळ्यांची बाहुली मोठी होणं, अंग तापणं हे सगळं घडवणारे काही पदार्थ धोतऱ्यात आणि त्याच्या भाऊबंद झाडांत असतात. त्यातला एक १८८० च्या सुमारास जर्मनीत वेगळा काढला गेला. त्याला हायोसिन म्हणतात. स्कोपोली नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून ज्या झाडाचं नाव पडलं, त्या झाडातही तोच सापडला, म्हणून दुसरं नाव स्कोपोलामिन. एकाच पदार्थाची ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे काम पडेल.

या पदार्थाचा बायकांशी पहिला मोठा संबंध आला तो प्रवासात नाही, बाळंतपणात. जर्मनीत फ्रायबुर्ग गावच्या प्रसूतिगृहात १९०६ च्या सुमारास डॉक्टर गाउस बाळंतिणीला मॉर्फिन आणि स्कोपोलामिनची सुई देऊ लागले. बाई अर्धवट गुंगीत जायची, आणि बाळ झाल्यावर तिला काहीच आठवायचं नाही. याला तिकडे ‘संधिप्रकाशाची झोप’ असं गोड नाव होतं. १९१४ साली अमेरिकेतल्या एका मासिकात यावर लेख आला आणि तिथल्या बायकांनी चळवळच उभारली, संस्था काढली, सभा घेतल्या, की आम्हालाही वेदनेशिवाय बाळंतपण हवं. मागणी खोटी नव्हती. बाळंतपणाच्या कळा बाईने मुकाट सोसाव्यात असं सगळं जग म्हणत असताना या बायका उठून बोलल्या. पण औषधाने वेदना फारशी जात नव्हती, जात होती ती वेदनेची आठवण. बाई ओरडायची, हातपाय झाडायची, म्हणून कित्येक ठिकाणी तिला पलंगाला बांधून ठेवत. शुद्धीवर आल्यावर तिला ते माहीत नसायचं. फ्रायबुर्गमध्ये प्रत्येक बाईजवळ बसून, तिची स्मृती तपासून, थेंबाथेंबाने मात्रा ठरवत. इतरत्र गर्दीच्या दवाखान्यांत सगळ्यांना एकच मात्रा दिली गेली आणि घोटाळे वाढले. चळवळीतल्या पुढारी कारमोडी बाईंचा १९१५ साली स्वतःच्या बाळंतपणात मृत्यू झाला. मृत्यू या औषधाने झाला नाही असं सांगितलं गेलं, पण चळवळ ओसरली.

त्यानंतर हे औषध बोटीवर चढलं ते युद्धामुळे. नुसत्या प्रवाशांच्या ओकाऱ्यांसाठी सरकारांनी एवढा खर्च केला नसता. हजारो सैनिक बोटींतून किनाऱ्यावर उतरवायचे आणि उतरल्याबरोबर लढवायचे, तर मळमळणारा सैनिक चालत नाही. ब्रिटिश डॉक्टरांनी सैनिकांवर निरनिराळी औषधं तपासली आणि १९४४ साली हायोसिनच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांना गोळ्याही दिल्या होत्या आणि ओकारीच्या पिशव्याही. पिशव्या दिल्या यावरूनच गोळ्यांवर किती भरवसा होता ते समजावं.

गोळ्यांची दुसरी वाट एका बाईमुळे सापडली. १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एक बाई अंगावर पित्त उठतं म्हणून औषध घेत होती. तिने डॉक्टरांना येऊन सांगितलं, पित्ताचं राहू द्या, पण आयुष्यभर मला ट्राम लागायची ती या गोळीने लागेनाशी झाली. डॉक्टर गे आणि कार्लिनर यांनी तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. तिला नकळत खोटी गोळी देऊन पाहिली, ट्राम पुन्हा लागली. त्या नोव्हेंबरात सैनिकांनी भरलेल्या एका जहाजावर, अटलांटिकच्या खवळलेल्या समुद्रात, त्या गोळीची परीक्षा झाली आणि ती उतरली. त्या बाईचं नाव जगाला माहीत नाही. आपण एसटीत बसण्याआधी घेतो ती ॲव्होमिनची गोळीही मुळात ॲलर्जीवरच्या औषधांच्याच कुळातली. झोप येते ती म्हणूनच.

हायोसिनची अडचण अशी होती की गोळी घेतली की एकदम चढते आणि काही तासांत उतरते. चढली की धोतऱ्याची सगळी लक्षणं, उतरली की पुन्हा मळमळ. अल्हांद्रो झाफारोनी या मूळच्या उरुग्वेच्या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात १९६८ साली कंपनी काढली, ती नेमक्या या अडचणीवर. औषध थोडं थोडं, ठरल्या वेगाने अंगात जावं. १९७९ च्या शेवटी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या पट्टीला मंजुरी दिली. कातडीतून रक्तात औषध पोचवणारी ती पहिलीच पट्टी. आज धूम्रपान सोडण्यासाठी किंवा दुखण्यासाठी ज्या पट्ट्या आहेत, त्या तिच्या धाकट्या बहिणी. कान हा आजाराचा उगम म्हणून ती कानामागे लावतात असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कानामागची कातडी औषध चांगलं शोषून घेते, एवढंच. पट्टीत दीड मिलिग्रॅम औषध असतं. तीन दिवसांत त्यातलं सुमारे एक मिलिग्रॅम अंगात जातं. मिठाच्या काही कणांएवढं, त्यावर बाईचा समुद्रप्रवास सुखाचा होतो. एवढ्याशा मात्रेत जे काम करतं, ते थोडं जास्त झालं तर काय करेल हे ओर्ताच्या मालकिणीने दाखवून ठेवलंय.

म्हणून आमचं उत्तर, वाटून घेऊ नये. तिकडेही ही पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठी ज्या बाईच्या नावाची, पट्टी तिचीच. काचबिंदू असेल, लघवी अडत असेल, फिटचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारायचंच. झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तरीही. साठी उलटलेल्या बाईला पट्टीने भ्रम होऊ शकतो, आणि घरचे समजतात म्हातारी चळली. लहान मुलांना तर लावूच नये. पट्टी कापून अर्धी करू नये, दोन्ही कानांमागे दोन लावू नयेत. बोटीवर चढण्याच्या निदान चार तास आधी लावायची, लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवायचे. तोच हात डोळ्याला लागला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अंधूक दिसतं.

आणखी एक गोष्ट. पोटातल्या मुरड्यावर मिळणाऱ्या काही गोळ्यांवरही हायोसिन हा शब्द असतो. त्याच्यापुढे ब्युटिलब्रोमाइड असं लिहिलेलं असतं. ते औषध मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही, त्यामुळे गाडी लागण्यावर त्याचा उपयोग नाही. नाव सारखं म्हणून पर्समध्ये टाकून नेऊ नका.

सगळ्यात जास्त आम्हाला काळजी आहे ती आपल्या उन्हाची. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पट्टीबद्दल इशारा दिला. हे औषध घाम कमी करतं आणि शरीराचं तापमान ताब्यात ठेवण्याच्या कामात अडथळा आणतं. अंग भलतंच तापून काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, काही दगावले. त्यात सतरा आणि त्याखालच्या वयाची मुलं आणि साठीच्या पुढची माणसं जास्त होती. तो इशारा थंड देशांसाठीही आहे. आपल्याकडे तर भुसावळ-जळगावचा मे महिना. सहली निघतात त्या मुलांच्या सुट्टीत, म्हणजे त्याच महिन्यात. बोटीवर एसी असतो, काही जाणवत नाही. मग बोट मुंबईला लागते, गाडी रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवशी जळगाव स्टेशनवर चव्वेचाळीस अंशांत बाई रिक्षा शोधत असते, कानामागे केसांखाली पट्टी तशीच. तीन दिवस पुरतात म्हणून ती ठेवून दिलेली असते.

बोट धक्क्याला लागली की पट्टी काढा. बरेच दिवस लावली असेल तर काढल्यावर एक-दोन दिवस चक्कर, मळमळ वाटू शकते, ती नवी पट्टी लावून घालवायची नाही. काढलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन घडी घाला, कागदात गुंडाळा आणि रांगत्या नातवाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी टाका. आणि अंग तापलं, घाम येईना, बोलणं विसंगत वाटू लागलं, तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत लगेच दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टरांना आधी हे सांगा, कानामागे पट्टी होती.