चॉकलेट न विकणारा मुलगा

१/११
१९७४ साली अमेरिकेत किशोरवयीन वाचकांसाठी एक कादंबरी प्रसिद्ध झाली : ‘द चॉकलेट वॉर’. तिचा नायक शाळेसाठी चॉकलेटे विकायला नकार देतो, एवढाच त्याचा गुन्हा. तीस वर्षांनंतर, २००४ साली, अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेपार्ह ठरवल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत तीच कादंबरी अग्रस्थानी होती. एका नकाराची इतकी धास्ती का वाटावी?

२/११
या प्रश्नाची पार्श्वभूमी १९५०च्या दशकात सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत अमेरिकी विचारवंतांना एका गोष्टीची चिंता वाटू लागली होती : माणसे एकसारखी होत चालली आहेत. डेव्हिड रीझमन यांच्या ‘द लोनली क्राउड’ (१९५०) या ग्रंथाने इतरांच्या पसंतीकडे पाहून स्वतःची दिशा ठरवणाऱ्या माणसाचे चित्र रेखाटले.

३/११
त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी एक साधा प्रयोग केला. समोरच्या तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याएवढी, ते सांगायचे. उत्तर उघड होते. पण खोलीतील एक विद्यार्थी सोडून बाकी सारे आधी ठरवल्याप्रमाणे चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी त्या चुकीत सामील झाले.

४/११
या प्रयोगाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. खोलीत खरे उत्तर देणारा एकच साथीदार मिळाला, की बहुमताचा प्रभाव एकदम ओसरत असे. तोच साथीदार मध्येच बहुमताकडे वळला, तर चुका पुन्हा झपाट्याने वाढत. माणूस संख्येपुढे जितका नमतो, त्याहून अधिक एकटेपणापुढे नमतो, असे यातून दिसते.

५/११
किशोरांसाठीचे साहित्य हा संघर्ष हाताळू लागले ते १९६०च्या दशकात. एस. ई. हिंटन हिने शाळेत असतानाच लिहिलेली ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली. तिचा नायक पोनीबॉय समाजाच्या लेखी उपरा आहे, पण त्याला भाऊ आहेत, टोळी आहे. हिंटनचे उपरे एकमेकांना धरून राहतात.

६/११
रॉबर्ट कॉर्मिअर (१९२५–२०००) यांनी हा आधारच काढून घेतला. ते मॅसॅच्युसेट्समधील पत्रकार. त्यांच्या मुलाने शाळेसाठी चॉकलेटे विकायला नकार दिला, घरच्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि प्रकरण तिथेच मिटले. कॉर्मिअर मात्र विचार करत राहिले : मिटले नसते तर?

७/११
कादंबरीतील ट्रिनिटी शाळेत २०,००० डबे विकायचे आहेत. ब्रदर लिऑन रोज हजेरीप्रमाणे नावे पुकारतात आणि प्रत्येकाने होकार द्यायचा. विक्री ‘ऐच्छिक’ आहे. पडद्यामागे ‘व्हिजिल्स’ नावाची विद्यार्थ्यांची गुप्त संघटना शाळेवर हुकमत गाजवते.

८/११
जेरीचा नकारही आरंभी त्याचा स्वतःचा नसतो. दहा दिवस नकार द्यायचा, असा व्हिजिल्सचाच हुकूम असतो. मुदत संपते, पुन्हा नाव पुकारले जाते आणि जेरी पुन्हा ‘नाही’ म्हणतो. शब्द तोच; पण आता तो कोणाच्याही आज्ञेचा उरलेला नाही. सत्तेला हाच फरक सहन होत नाही.

९/११
शिक्षेची रीत नीट पाहावी. रात्री-अपरात्री निनावी फोन येतात, वस्तूंची मोडतोड होते. मग एके दिवशी सारी शाळा, जणू जेरी अस्तित्वातच नाही, अशी त्याच्या आरपार पाहू लागते. त्याचा मित्र गूबर २७ डब्यांवर विक्री थांबवून मूक साथ देतो; तर त्याच्या नावापुढे परस्पर ५० डबे मांडले जातात. गूबर विरोध करत नाही. ॲशच्या खोलीतील साथीदार येथे कागदावरूनच पुसला जातो.

१०/११
शेवटी जेरी भर मैदानात जबर मार खातो आणि ज्या निर्धाराने उभा राहिला, त्यावरचाच त्याचा विश्वास उडतो. हा शेवट बदलावा, अशी काही प्रकाशकांची अपेक्षा होती. कॉर्मिअर यांनी ती मानली नाही. अखेर पॅन्थिऑनने पुस्तक आहे तसे छापले.

११/११
म्हणून ही कादंबरी केवळ पराभूत बंडखोराची गोष्ट ठरत नाही. एकटेपणा हा जेरीचा स्वभाव नव्हता. तो त्याच्याभोवती रचला गेला, आणि त्या रचनेत मारणाऱ्या मूठभरांपेक्षा नजर वळवणाऱ्यांचा वाटा मोठा होता. वाचक स्वतःला सहसा जेरीच्या जागी ठेवून पाहतो. कॉर्मिअर यांचा अवघड प्रश्न मात्र गूबरच्या जागेवरून विचारलेला आहे : आपल्या नावापुढे खोटे ५० मांडले गेले, तर आपण उठून ‘२७’ म्हणू का?