मु. पो. भारत : एका नोंदवहीचा इतिहास

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडते आणि हमरापूर येण्यापूर्वी एका लहानशा स्थानकावर थांबते. तेथील पिवळ्या पाटीवर गावाचे नाव आहे : जिते. हा लोहमार्ग रोह्यापर्यंत १९८६ साली आला. त्याच साली आपल्या देशात आणखी एका मार्गाच्या कामास आरंभ झाला. त्या मार्गाला रूळ नव्हते, स्थानके मात्र होती, आणि स्थानके म्हटली की त्यांना नावे देणे ओघानेच आले. आजचे माझे निवेदन त्या नावांसंबंधी आहे.

जित्याला पत्र पाठवावयाचे तर आपण काय लिहितो? मु. पो. जिते, ता. पेण, जि. रायगड. प्रथम गाव, मग तालुका, मग जिल्हा. लहानापासून मोठ्याकडे आपण चढत जातो. पत्र वाटणारे खाते मात्र हाच पत्ता उलटा वाचते. आधी जिल्हा, मग तालुका, शेवटी गाव. इंटरनेटवरील नाव हे नेमके असेच लिहिलेले असते व असेच उलटे वाचले जाते. ठिपक्यांनी तोडलेल्या त्या पत्त्यात अगदी उजवीकडे जे दोन अक्षरांचे शेपूट असते, ते देशाचे नाव. आपल्या देशाच्या वाट्याला ‘इन’ ही दोन अक्षरे आली.

एकच नाव दोन ठिकाणांना असले की केवढा घोटाळा होतो, हे आपल्या जिल्ह्याच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. १ जानेवारी १९८१ पूर्वी आपला जिल्हा कुलाबा होता, तो अलिबागसमोरच्या समुद्रातील किल्ल्यामुळे. मुंबईच्या दक्षिण टोकालाही कुलाबाच. आपल्या पूर्वजांनी अशा वेळी बुद्रुक आणि खुर्द अशी जोडशेपटे लावून पाहिली, तालुक्याचे नाव पुढे जोडून पाहिले. संगणकाला असली तडजोड चालत नाही. त्याच्या लेखी एका नावाचा एकच धनी असावा लागतो. म्हणून कोणीतरी वही घेऊन बसावे लागते, आणि वही ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ताही थोडीबहुत येतेच.

ही वही प्रथम एकच होती. संगणकांच्या आपसातील पत्त्यांना मुळात आकडे असतात. आकडे माणसाच्या ध्यानात राहात नाहीत, म्हणून प्रत्येक यंत्राला एक नाव ठेवीत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालील मंडळी ही नावांची यादी राखीत, आणि जाळ्यावरील प्रत्येक यंत्र तिची प्रत उतरून घेई. शे-दोनशे यंत्रे होती तोवर हे चालले. पुढे यादी फुगली आणि प्रत उतरेपर्यंत मूळ यादी बदललेली असे. १९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोड सुचविली. एका वहीच्या अनेक वह्या करावयाच्या. जिल्ह्याने आपल्या तालुक्यांची नोंद ठेवावी, तालुक्याने आपल्या गावांची. सर्वांत वरच्या वहीत फक्त जिल्ह्यांची नावे असावीत. महसूल खात्याला ही कल्पना नवी वाटली नसती!

वरच्या वहीत देशांची नावे घालावयाची ठरल्यावर प्रश्न निघाला की, देश कोणता आणि देश नव्हे तो कोणता? मोठमोठ्या राजसभा ज्या प्रश्नावर अडून बसतात, तो ही वही सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी मोठ्या चातुर्याने टाळला. देश ठरविणे हे आपले काम नव्हे, असे सांगून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७४ साली प्रथम प्रसिद्ध केलेली दोन-दोन अक्षरांची तयार यादी त्यांनी जशीच्या तशी उचलली. (जशीच्या तशी म्हणतो खरा, पण त्या यादीत ब्रिटनची अक्षरे ‘जीबी’ होती आणि ब्रिटनला मिळाली ‘यूके’. नियमाचा अपवाद नियमाबरोबरच जन्मला.) १९८५ साली अमेरिका, ब्रिटन, इस्रायल यांची नावे चढली. पुढे मार्च १९९४ मध्ये पोस्टेल यांनी जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात देशाचे नाव सांभाळणाऱ्याला त्यांनी मालक मानले नाही, विश्वस्त मानले. हा विश्वस्त आपल्या देशाचा आणि सर्व जगाच्या जाळ्याचाही. या एका शब्दावर पुढे कितीतरी वाद झाले.

भारताची अक्षरे ८ मे १९८९ रोजी वरच्या वहीत चढली. त्यासाठी ना तह झाला, ना लोकसभेत चर्चा. ज्यांना जाळे बांधता येत होते त्यांच्या स्वाधीन ती करण्यात आली. आणि ही माणसे कोठे होती? मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्था ही मुंबईच्या कुलाब्यात. तिच्या कुशीत वाढलेल्या केंद्रातून १९८५ साली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था निघाली व जुहूस स्थिरावली. श्रीनिवासन रमणी हे तिचे संचालक. आरंभी ज्याचा उल्लेख केला ते १९८६ चे काम म्हणजे ‘अर्नेट’. केंद्राचे इलेक्ट्रॉनिक्स खाते व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साह्याने पाच आय. आय. टी., बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, ही जुहूची संस्था आणि खुद्द ते खाते, अशी आठ ठिकाणे एकमेकांस जोडावयाची होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमाकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे घरात कोणी राहावयास येण्यापूर्वी सहा वर्षे दारावर देशाच्या नावाची पाटी लागलेली होती.

जुहूच्या मंडळींनी ती वही कशी राखली? अत्यंत चोख, आणि अत्यंत कंजूषपणे. देशाच्या नावाला लागून थेट नाव कोणाला मिळत नसे. मध्ये एक पायरी ठेवलेली होती. व्यापाऱ्यासाठी ‘को’, संस्थांसाठी ‘ऑर्ग’, विद्यालयांसाठी ‘एसी’, सरकारसाठी ‘गव्ह’. अर्जदाराने आपले त्या नावाशी नाते काय, हे कागदपत्रांनी दाखवावयाचे. फल काय झाले? १९९२ पासून २००४ पर्यंत नोंदली गेलेली नावे सात हजारांच्या घरात! एवढ्या मोठ्या देशात सात हजार. याच काळात हजारो भारतीय धंदे ‘कॉम’ हे बिनदेशी शेपूट लावून उभे राहिले, कारण ते मिळवावयास कोणाचा दाखला लागत नव्हता.

या धोरणाची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झालीही. माझे मत थोडे निराळे आहे. जुहूच्या वहीत दुसऱ्याचे नाव बळकावून बसलेला मनुष्य शिरणे कठीण होते. बिनदेशी नावांच्या बाजारात काय चालले होते ते मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे १९९९ साली आलेच. ‘रेडिफ’ या प्रसिद्ध नावातील एका अक्षराची अदलाबदल करून कोणी ‘रॅडिफ’ हे नाव घेतले होते. न्यायालयाने ते वापरण्यास मनाई केली. पुढे ६ मे २००४ रोजी सत्यम इन्फोवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, असे नाव हा निव्वळ पत्ता नसून मालावरील व्यापारचिन्हाप्रमाणे त्याचे रक्षण व्हावयास हवे, असा निर्वाळा दिला. जुहूकरांची भीती अनाठायी नव्हती हे यावरून दिसते. परंतु चोराच्या भयाने बाजारच भरू द्यावयाचा नाही, हेही काही धोरण नव्हे. कारखाना नोंदलेला नाही, हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर, अशा लहान कारागिराला त्या दारात उभे राहणेच अशक्य होते. दोष असेल तर तो येथे आहे.

१९ जून २००३ रोजी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे ‘निक्सी’, ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी जुहूची संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि २००५ च्या आरंभी वही निक्सीच्या हाती आली. जानेवारीत प्रथम व्यापारचिन्हांच्या मालकांना आपापली नावे राखून घेण्यास अवधी दिला आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून दार सर्वांस उघडले. मधली पायरी ऐच्छिक झाली. कागद दाखवा ही अट गेली आणि जो आधी येईल त्याला नाव, हा एस. टी.च्या रांगेचा न्याय आला. बारा वर्षांत सात हजार जमली होती, ती संख्या आज तीस लाखांच्या पलीकडे आहे.

आता या व्यवस्थेत कोण कोठे बसतो, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण नुकसान होते ते येथे. वही निक्सीची, पण निक्सी स्वतः गिऱ्हाइकाला नाव विकत नाही. ती मान्यता दिलेल्या मध्यस्थांमार्फत नावे देते. वहीचे यांत्रिक काम प्रथम अफिलियास या परदेशी कंपनीकडे होते व नंतर दुसऱ्या परदेशी कंपनीकडे गेले. वही आपली आणि कारकून बाहेरचा, ही गोष्ट मला रुचत नाही, पण ती तशी आहे. मध्यस्थानंतर येतो तो ज्याच्या नावाने नोंद आहे तो मनुष्य. त्याला मालक म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तो कुळ आहे. नाव एका वर्षाच्या, फार तर दहा वर्षांच्या मुदतीने मिळते आणि खंड भरला नाही की जाते.

समजा, हमरापूरच्या किंवा जोह्याच्या एका गणपतीच्या कारखानदाराने आपल्या मूर्तींचे संकेतस्थळ काढले. मुंबई-पुण्याची, परदेशची गिऱ्हाइके त्या नावावर येऊ लागली. स्थळ करून देणाऱ्या होतकरू तरुणाने मध्यस्थाकडे अर्ज भरला तो स्वतःच्या नावाने व स्वतःच्या ई-मेलने, कारण तेच त्याला सोयीचे होते. तीन वर्षांनी तरुण नोकरीसाठी दूर गेला. मुदत संपत आल्याची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर पडली आणि ऐन श्रावणात, मूर्तींचे रंगकाम चालू असताना, पाटी उतरली. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो खातेदार, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही जाणते. येथेही कायदा तोच आहे. मुदत उलटल्यावर काही दिवस जादा पैसे भरून नाव सोडवून घेण्याची सोय असते. तीही हुकली तर नाव बाजारात येते, आणि अशा नावांवर टपून बसलेली मंडळी जगभर आहेत.

अशाने नाव गेलेच तर २००५ सालीच निक्सीने केलेले विवादाचे नियम आहेत. त्यांप्रमाणे लवादापुढे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. घेतलेले नाव आपल्या नावासारखे आहे, घेणाऱ्याला त्यावर काही न्याय्य हक्क नाही, आणि नोंद वा वापर दुष्ट हेतूने झाला आहे. लवाद नाव रद्द करू शकतो किंवा आपणास देववू शकतो. पण जेथे दुसऱ्याने केवळ अजाणता आपल्या नावे अर्ज भरला, तेथे दुष्ट हेतू कोठून दाखविणार? म्हणून पाटी लावण्याच्या दिवशीच आपण कोणाच्या नावाने नोंद करतो आहोत हे डोळ्यांनी पाहावे.

देशांची शेपटे कधीकधी देशाहून मोठी होतात. प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या बेटराज्याची अक्षरे ‘टीव्ही’ निघाली. २००० साली तेवढ्यावर त्याला कोट्यवधी डॉलरांचा करार मिळाला. अँग्विला बेटाची अक्षरे ‘एआय’. कृत्रिम बुद्धीचा बोलबाला झाला आणि २०२३ साली त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन अक्षरांतून आला. उलट युगोस्लाव्हिया हा देश मोडला आणि त्याची ‘वाययू’ ही अक्षरे २०१० साली वहीतून खोडली गेली. ज्यांनी वर्षानुवर्षे ती आपल्या नावापुढे लावली होती, त्यांना नवी पाटी करून घ्यावी लागली.

आता लिपीचा प्रश्न. पेण हे नाव रोमन लिपीत लिहिले की त्याची लेखणी होते. जिते लिहावे तर वाचणारा ‘जाइट’ वाचील. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ हे शेपूट लोकांस खुले झाले, त्यात हिंदी, कोकणी, नेपाळी इत्यादींबरोबर मराठीही होती. दारावरची पाटी अखेर आपल्या अक्षरांत आली. पण आतल्या यंत्राला अजूनही रोमन अक्षरेच कळतात, म्हणून ‘भारत’ हा शब्द त्याच्या वहीत ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या एका अगम्य अक्षरमालेत लिहिलेला असतो. शिवाय यंत्राला ऱ्हस्व-दीर्घाची क्षमा नाही. जिते आणि जीते, पेण आणि पेन ही त्याच्या लेखी चार निराळी नावे आहेत आणि चौघांचे चार धनी होऊ शकतात. शुद्धलेखनाचे गुण आमच्या वेळी परीक्षेत कापले जात. येथे चुकीच्या वेलांटीने गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात जाते. देवनागरी नावे म्हणावी तितकी रुजली नाहीत, याचे कारण मात्र लिपी नव्हे. कित्येक अर्ज, कित्येक ई-मेलच्या सोयी देवनागरी पत्ता स्वीकारतच नाहीत. पाटी मराठीत आणि टपालपेटी इंग्रजीत, अशी ही अवस्था आहे.

आणि जुहूची जुनी पायरी? ती परत आली आहे. बँकांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन लोकांना लुबाडण्याचे प्रकार वाढल्यावर ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांसाठी ‘बँक.इन’ हे राखीव शेपूट जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर येण्यास त्यांना फर्माविले. येथे मध्यस्थ एकच, हैदराबादची रिझर्व्ह बँकेने स्थापलेली संस्था. कागद दाखविल्याखेरीज नाव नाही. सहकारी बँकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. आपल्या बँकेचा पत्ता उघडताना त्याच्या उजव्या टोकाला ही दोन शेपटे लागोपाठ दिसतात की नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले.