चोर, शिपाई आणि मंदावलेलं यंत्र

घरचा संगणक मंदावला की प्रत्येकाकडे औषध तयार असतं. सौ. म्हणतात, पुसून घ्या. चिरंजीव म्हणतात, नवा घ्या. शेजारचे काका म्हणतात, ‘‘अहो, व्हायरस असणार! एखादा क्लीनर टाका.’’ काकांचं निदान पुष्कळदा बरोबर निघतं. औषधाचा इतिहास मात्र जरा भानगडीचा आहे, आणि मागचं पान बघितल्याशिवाय पुढे नोंद करायची नाही, ही सवय आम्हाला बँकेने लावली आहे.

मागचं पान १९७१चं. अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यात बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्रॅम सोडला. तो या यंत्रावरून त्या यंत्रावर जायचा आणि ‘पकडा बघू मला’ अशा अर्थाची ओळ उमटवायचा. चोरी नाही, नासधूस नाही, नुसता वात्रटपणा. त्याला हुडकून पुसायला ‘रीपर’ लिहिला रे टॉमलिन्सन यांनी. ईमेलच्या पत्त्यात ते शेपटीवालं चिन्ह बसवणारे हेच. गंमत म्हणजे, जाईल तिथे स्वतःची प्रत ठेवणारा सुधारित क्रीपरही यांचाच! आणि रीपर तरी कसा? क्रीपरसारखाच, कोणाला न विचारता घरोघर हिंडणारा. पहिला शिपाईच चोराच्या वेषात होता म्हणा ना.

मंदपणाचा खरा हिशेब २ नोव्हेंबर १९८८चा. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक ‘वर्म’ सोडला. त्याने एक फाइल पुसली नाही की एक पैसा नेला नाही. यंत्रात शिरल्यावर ‘आत आपला कोणी आहे का?’ असं तो विचारायचाही. पण कोणी खोटंच ‘आहे’ म्हणून वाटेला लावील, या धास्तीने सातांतून एकदा, उत्तर काहीही येवो, मुक्काम ठोकायचाच, असा नियम केलेला. तिथेच घोटाळा झाला. एकावर एक प्रती साचल्या. दोन खोल्यांत अख्खं वऱ्हाड उतरल्यावर यजमानाने कामं करावीत कशी? यंत्रं रखडली, मग बसलीच. सुमारे सहा हजार यंत्रांना लागण झाल्याचा तेव्हाचा अंदाज. वडील सरकारी संगणक-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ! चिरंजीवांना तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. त्या वरच्या पन्नासांनी आमच्यातला कारकून सुखावला.

आजही घरात न बोलावलेलं असं वऱ्हाड उतरतं. कोणी जाहिराती दाखवतो, कोणी आपल्या विजेवर परक्यासाठी आभासी नाणी पाडत बसतो. घालवायचं कसं? विंडोजमध्ये आता राखणदार मुळातच असतो. त्याच्याकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी, आणि संगणक सुरू होताच कोण कोण उठून बसतं ती यादी छाटावी. दुसरा राखणदार मात्र बसवू नये. दोघे एकमेकांवरच पाळत ठेवतात आणि यंत्र आणखी रखडतं.

राखणदाराचा उत्साह काय करतो, ते ऑगस्ट २००३मध्ये दिसलं. ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म फैलावला आणि त्याच्या मागोमाग आला ‘वेल्चिया’. हा सज्जन! ब्लास्टरला पुसायचा, मायक्रोसॉफ्टकडून ठिगळ आणून भोक बुजवायचा, आणि २००४ उजाडल्यावर स्वतःलाही पुसायचा. निवृत्तीची तारीख घेऊन आलेला असा सेवक आमच्या शाखेबाहेर प्रथमच पाहिला. पण नवी यंत्रं शोधताना त्याने एवढी वर्दळ केली की कचेऱ्यांची जाळी तुंबली. रोगी वाचला, रस्ता बंद!

त्यापेक्षा वाईट ते, जे सज्जनही नव्हते. ‘विनफिक्सर’सारखे प्रोग्रॅम फुकट तपासणी करायचे, नसलेले रोग मोजून दाखवायचे आणि बरं करायचे पैसे घ्यायचे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००८मध्ये या टोळीवर दावा लावला. फसलेली गिऱ्हाइकं दहा लाखांवर होती. २०१२मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरांचा निकाल दिला.

धंदा संपलेला नाही. आता पडद्यावर लाल पाटी आणि फोन नंबर येतो. पेन्शनीतले आजोबा घाबरून नंबर फिरवतात, पलीकडचा गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो, आणि मग आजोबा काउंटरवर आमच्यासमोर चेकबुक काढून उभे. ‘‘आजोबा, आधी संगणकाची वायर काढा,’’ आम्ही म्हणतो. ते आमच्याकडे संशयाने बघतात. पलीकडचा माणूस आमच्यापेक्षा कितीतरी अदबीने बोलला होता.